दहापैकी दोन

माणसाला दुखणं यायचंच असेल तर ते सांगण्याजोगं तरी यावं. हृदयाचा झटका आला तर लोक फळं घेऊन भेटायला येतात आणि आवाज खाली करून बोलतात. पाय मोडला तर निदान प्लास्टर दिसतं. साध्या सर्दीलासुद्धा मान आहे, एक शिंक आली की चार माणसं मागे सरतात. पण पाठ? "पाठ दुखते हो" असं कोणाला तरी म्हणून बघा. समोरचा माणूस कोणीही असो, तो लगेच म्हणतो, "माझीही!" आणि मग पुढचा अर्धा तास तुम्हाला त्याच्या पाठीची कहाणी ऐकावी लागते, तीही उभ्या उभ्या.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार खिडकीवर बसणारे खांबसाहेब हे ओळखून होते, म्हणून ते कोणाला काही सांगतच नसत. खांबसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मागून कोणी हाक मारली तर ते कमरेतून वळत नसत, खुर्चीसकट सगळेच्या सगळे वळत, त्यावरून ऑफिसने ठेवलेलं हे नाव. नवे मोठे साहेब रुजू झाले तेव्हा सगळं ऑफिस कमरेत लवून उभं होतं आणि हे एकटे सरळसोट. "स्वाभिमानी गृहस्थ दिसतात," असं मोठे साहेब कौतुकाने म्हणाले आणि पुढच्या दोन्ही बढत्यांमध्ये त्यांनी तो स्वाभिमान आठवणीने लक्षात ठेवला. आता साहेबांना कोण सांगणार, की हा स्वाभिमान नव्हे, हे मणके आहेत!

उपायांची मात्र कमतरता नव्हती. एकाने सांगितलं कडक झोपा, म्हणून त्यांनी फळीवर झोपून पाहिलं. दुसऱ्याने सांगितलं मऊ झोपा, म्हणून दोन गाद्या एकावर एक घातल्या आणि सकाळी त्यांना त्यातून ओढून काढावं लागलं. वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर म्हणाले, "सगळा दोष खुर्चीचा." खुर्ची बदलली. मग म्हणाले, "सगळा दोष टेबलाचा." टेबल सरकारी होतं, ते बदलायला मॅनेजरांच्या सल्ल्याहून वरची परवानगी लागते, म्हणून ते राहिलं. खांबसाहेबांच्या आईंचं मत या सगळ्यांहून निराळं होतं. "माझ्या गुडघ्यापुढे तुझी पाठ काहीच नाही," असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्या रोज मांडत.

शेवटी बायकोने त्यांना हाताला धरून सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठीचा फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डॉक्टर गप्प बसले की समजावं, प्रकरण गादीच्या पुढे गेलं आहे.

"हा मणक्यांचा दाहक संधिवात," बाई म्हणाल्या. "शरीर आपल्याच मणक्यांवर उठतं. सूज येते, आणि सूज जिरता जिरता मणके एकमेकांना चिकटून बसतात. कंबर चिकटलीय. पाठ गेल्यात जमा आहे. मान अजून मोकळी आहे. ती वाचवायची असेल तर इंजेक्शन याच वर्षी सुरू करावं लागेल."

मग त्यांनी इंजेक्शनाची किंमत सांगितली. अशा वेळी माणसाने मान खाली घालायची असते. खांबसाहेबांनी ती घातली. म्हणजे अजून घालता येत होती.

बायकोला त्या क्षणी काय आठवलं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण खांबसाहेबांना आठवले ते मोजे. त्यांचा हात पावलांपर्यंत पोचायचा बंद होऊन बरेच दिवस झाले होते. रोज सकाळी ते पलंगाच्या कडेला बसत आणि बायको खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवी. त्या वेळी मान झुकवली की तिच्या केसांतला भांग त्यांना वरून दिसे. भांगाच्या कडेने पांढरे केस वाढत चालले होते. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, कारण मोजे तिच्या हातात होते. पण संसाराच्या धबडग्यात बायकोला निवांत बघायची दिवसातली तेवढीच एक वेळ होती, आणि ती मानेवर अवलंबून होती.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर औषध कंपनीचं एक गुळगुळीत पत्रक होतं. त्यावर एक कुटुंब समुद्राच्या वाळूत पळत होतं आणि खाली लिहिलं होतं, की या आजारावरच्या औषधांची जागतिक बाजारपेठ दरवर्षी जोमाने वाढते आहे. आपल्या पाठीची कुठेतरी एवढी भरभराट चालू आहे हे खांबसाहेबांना माहीतच नव्हतं. त्यांना जरा बरंही वाटलं. आजवर त्यांच्या कोणत्याही गोष्टीला जागतिक बाजारपेठ नव्हती.

"कंपनीला आपल्या भागात यायचंय," बाई म्हणाल्या. "त्याआधी त्यांची एक योजना आहे. ज्यांना जास्त त्रास आहे त्यांना वर्षभर इंजेक्शन फुकट. फोन येईल, प्रश्न विचारतील. दुखणं, थकवा, सकाळचं आखडणं, प्रत्येकाला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा. सरासरी चारच्या वर गेली की झालं."

"चारच?" बायको म्हणाली. "यांचं तर पहाटे..."

"ठीक आहे ते," खांबसाहेब घाईने म्हणाले. परक्या बाईंसमोर आपली पहाट निघावी हे त्यांना आवडलं नाही.

आता त्या खिडकीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर खांबसाहेब कळायचे नाहीत. तक्रार खिडकीला दुधी काच होती, आणि काचेला बोलण्यासाठी एक फट होती. सुताराने ती फट बसलेल्या साहेबांच्या तोंडाच्या उंचीवर पाडली. त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला ती कमरेशी येई. तक्रार करायची तर वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस थोडक्यात बोलतो. खांबसाहेबांनी आजवर गावभरच्या हनुवट्या पाहिल्या, चेहरा क्वचितच.

"आठ दिवस पाणी नाही, साहेब," हनुवटी म्हणे.

"अगदीच नाही?"

"पहाटे येतं थोडं. करंगळीएवढी धार."

"मग येतं ना! भागतं का?"

"भागवतोय, साहेब."

"झालं तर मग." आणि कागदावर ठप्पा बसे: निराकरण झाले. यात लबाडी नव्हती हो. माणूस स्वतःच्या तोंडाने भागतंय म्हणतो, मग शिल्लक काय राहिलं? खांबसाहेबांच्या खिडकीवर शिल्लक तक्रारी नेहमी शून्य असत, आणि ते शून्य ते महिन्याच्या शेवटी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहीत.

कंपनीचा फोन आला तो नेमका दुपारी, त्याच खिडकीवर. या आजाराचा एक खट्याळपणा असा, की तो पहाटे माणसाला पलंगाला खिळे ठोकल्यासारखा धरून ठेवतो आणि दिवसभर हालचाल झाली की दुपारी जरा सैल सोडतो. कंपन्या मात्र दुपारीच फोन करतात. फोनवरची बाई गोड आवाजाची होती आणि मोबाइलचा स्पीकर का कोण जाणे चालू झाला होता.

"सर, पाठीचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती सांगाल?"

रांग शांत झाली. रांगेला एरवी काहीच ऐकू येत नाही, पण दुसऱ्याचं दुखणं लगेच ऐकू येतं.

"आहे थोडं," खांबसाहेब म्हणाले.

"आकडा, सर?"

"दोन."

"सकाळी उठल्यावर आखडल्यासारखं किती वेळ वाटतं?"

"ऑफिसला वेळेवर येतो मी," खांबसाहेब जरा करड्या आवाजात म्हणाले. आयुष्यात एकदाही लाल शेरा पडला नव्हता. बाईने तिथेही बहुधा दोनच लिहिले.

"रात्री दुखण्याने जाग येते का?"

"सांगा की, साहेब," फटीतली हनुवटी म्हणाली. "मलाही येते."

"नाही," खांबसाहेब म्हणाले. काल रात्री ते तीनदा उठून घरात फेऱ्या मारून आले होते. पण ती काल रात्र घरातली होती, आणि हे ऑफिस होतं.

शेवटी गोड आवाज म्हणाला, "अभिनंदन, सर! तुमची सरासरी दोन आली. तुमचा आजार सौम्य आहे."

खांबसाहेब त्या दिवशी खुशीत घरी आले. लहानपणापासून त्यांना एकच सवय होती, अभिनंदन म्हटलं की पास. दारातच त्यांनी सांगितलं, "अगं, सौम्य निघाला!"

बायकोने पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. "अहो," ती म्हणाली, "रात्री कूस बदलायला तुम्ही मला उठवता. ते दोन?"

"अगं, आपण होऊन काय सांगायचं? लोक ऐकत होते."

"आणि मी काय, भिंत आहे?"

नवरा-बायकोत काही प्रश्न असे असतात की त्यांचं निराकरण ठप्प्याने होत नाही.

बायकोने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. गोड आवाजाला तिने काय सांगितलं ते कळलं नाही, पण आवाज थोडा कमी गोड झाला आणि फेरतपासणी मंजूर झाली. कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन डोळ्यांनी पाहणार होता. त्याआधी चार दिवस घरात तक्रार करण्याचा वर्ग भरला.

"किती दुखतं?" बायको विचारी.

"सहन होतं."

"सहन होतं हा आकडा नाही. किती?"

"तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघू नका. आकडा बोला!"

या कलेत घरातला खरा अधिकार आईंचा होता. त्यांनी शिकवणी आपल्या हातात घेतली. "अरे, आकडा असा कोरडा फेकायचा नसतो," त्या म्हणाल्या. "आधी एक सुस्कारा टाक. मग खाली बघ. समोरच्याने 'काय झालं?' विचारलं की 'काही नाही' म्हण. त्याने पुन्हा विचारलं की मग सांग. आणि सांगायला लागलास की थांबू नकोस." आईंनी करून दाखवलं. त्यांचा सुस्कारा ऐकून वरचे मॅनेजर धावत खाली आले.

मॅनेजर मग रोजच येऊ लागले. "दहा म्हणू नका," ते म्हणाले. "कर्ज मागताना मालमत्ता फुगवून सांगणारे मी खूप पाहिलेत. दहा म्हटलं की संशय येतो. आठ म्हणा. आठमध्ये दुःखही आहे आणि अब्रूही." खांबसाहेबांनी आठ म्हणून पाहिलं. घशातून आवाज येईना. पुन्हा म्हणून पाहिलं. तो सात झाला, मग सहा, आणि चौथ्या दिवशी मोठ्या कष्टाने पाचावर स्थिरावला. बायको म्हणाली, "चालेल. पाचाच्या खाली मात्र यायचं नाही. तुम्हाला माझी शपथ."

प्रतिनिधी येण्याच्या दिवशी सगळं ठरलेलं होतं. खांबसाहेबांनी कोचावरून हलायचं नाही. दार बायको उघडणार. पाणी आई देणार, म्हणजे लंगडणारं माणूस आधीच नजरेस पडेल. मॅनेजर जिन्यात उभे राहणार आणि आकडा खाली घसरला तर खोकणार.

बेल वाजली. दारात पाहुणा! आणि खांबसाहेब उठले.

त्यांना दोष देऊ नका. पाहुणा दारात आणि घरचा कर्ता कोचावर, हे त्यांच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. ते ताडकन उठले, कमरेतून निघालेली कळ दातांखाली चिरडली, "या, या, यायला त्रास नाही ना झाला?" म्हणत पुढे झाले, पाहुण्याच्या हातातली बॅग घेतली, आणि आतल्या खोलीतली लाकडी खुर्ची, जी उचलताना घरातला धडधाकट माणूसही विचार करतो, ती स्वतः उचलून आणून पंख्याखाली मांडली. मागे बायकोने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

प्रतिनिधी चाळिशी ओलांडलेला, दमलेला, सभ्य माणूस होता. तो खुर्चीवर बसला, पण बेताबेताने, एक हात कमरेवर ठेवून.

"काय झालं?" खांबसाहेबांनी विचारलं.

"काही नाही," प्रतिनिधी म्हणाला. आई दारातून कौतुकाने बघू लागल्या. माणूस जाणकार होता.

"नाही, पण काहीतरी होतंय तुम्हाला."

"पाठ," प्रतिनिधी म्हणाला. "दिवसभर गाडीवर फिरतो ना, साहेब."

पुढचा अर्धा तास त्याच्या पाठीत गेला. खांबसाहेबांनी आपली उशी त्याच्या मागे लावली, फळीचा अनुभव सांगितला, गाद्यांचा सांगितला, आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. चहा झाला. दुसरा चहा झाला. तेव्हा प्रतिनिधीला आठवलं की आपण कामाला आलो आहोत.

"तर साहेब, तुमचं किती?"

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने पाच बोटं दाखवली. आईंनी आपल्या गुडघ्यापुरती दहा दाखवली. जिन्यात मॅनेजर आधीच खोकायला लागले. खांबसाहेबांनी सगळं बळ एकवटलं, बायकोची शपथ आठवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन."

हे तीन म्हणतानासुद्धा परक्या माणसापुढे सदरा उतरवल्यासारखी लाज त्यांना वाटली. कान लाल झाले. "म्हणजे कधीकधी," ते पुढे म्हणाले, "नेहमी नाही."

प्रतिनिधीने खुर्चीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं. "वहिनी, जे दिसलं तेच मला भरावं लागतं," तो म्हणाला. "पण एक करा. कामावर परिणाम होतो असा ऑफिसचा दाखला आणा. त्यावर तुम्हाला योजनेत बसवून बघतो."

दाखल्यासाठी खांबसाहेब मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले.

"परिणाम?" मोठे साहेब म्हणाले. "अहो, तुमच्या खिडकीवर शिल्लक शून्य! उत्कृष्ट तक्रार निवारणाची ढाल यंदा आपल्याला मिळणार आहे. आणि मी लिहून देऊ की त्या खिडकीवरचा माणूस आजारी आहे? ढाल जाईल ना!"

"पण साहेब, त्रास होतो."

"त्रास होतो तर रीतसर तक्रार द्या. त्यासाठी आपण खिडकी ठेवलीय."

साहेब गमतीने म्हणाले की खरोखर, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण खांबसाहेब नियमाने चालणारे. त्यांनी शेजारच्या खिडकीवर पावत्या फाडणाऱ्या बाईंना आपल्या खुर्चीवर बसवलं, कागदावर अर्ज लिहिला, इमारतीला वळसा घालून बाहेर आले आणि रांगेत उभे राहिले. नंबर आला. समोर काच, आणि कमरेशी फट.

ते वाकायला गेले. वाकता येईना. त्यांनी उभ्याने बोलून पाहिलं. आत पावतीबाईंना त्यांच्या सदऱ्याची बटणं हलताना दिसत होती, आवाज पोचत नव्हता. "वाका की जरा," मागून कोणी म्हणालं, "साहेबासारखे काय उभे राहता!" हे बोलणाऱ्याला आपण कोणाशी बोलतोय ते माहीत नव्हतं, कारण त्यानेही आजवर साहेबाला फटीतूनच पाहिलं होतं.

शेवटी खांबसाहेबांनी काचेची कड धरली आणि पाठ तशीच सरळ ठेवून दोन्ही गुडघे खाली टेकवले. कमरेतून मानेपर्यंत अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांची हनुवटी फटीशी आली. फटीतून आपली खुर्ची, आपला ठप्पा, आपली शाई त्यांना पहिल्यांदाच या बाजूने दिसली.

"बोला, काय तक्रार?" पावतीबाईंनी सवयीने विचारलं. मग हनुवटी ओळखून त्या दचकल्या. "साहेब, तुम्ही?"

"पाठीमुळे कामावर परिणाम होतो," खांबसाहेब म्हणाले.

"पण काम होतं ना?"

"होतं."

"म्हणजे अगदीच होत नाही असं नाही?"

"भागवतोय," खांबसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

ठप्पा बसला. पावतीबाई ओशाळून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना, साहेब, असंच विचारायचं म्हणून."

त्यांना उठता येईना. रांगेतल्या दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यातला एक म्हणाला, "फार लागलं का हो?"

"छे, छे," खांबसाहेब म्हणाले. "काही नाही. ठीक आहे."

निराकरण झाले असं लिहिलेला तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि घरी काहीच सांगितलं नाही. बायकोने त्यांच्या विजारीच्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली. तिने ती हाताने झटकली.

नंतरच्या थंडीत मान आखडू लागली. आधी डावीकडे जाईना, मग उजवीकडे. डॉक्टरीणबाईंकडे तपासायला गेले असताना बाहेरच्या बाकावर तो प्रतिनिधी भेटला. आता तो स्वतःच पेशंट म्हणून आला होता.

"योजना बंद झाली, साहेब," तो म्हणाला. "कंपनी आपल्या भागात येत नाही. जगात सगळीकडे या औषधाच्या खपाचा बाण वर चाललाय, आपल्याकडे तेवढा आडवा. त्यांनी अहवाल केलाय. इथे हा आजार फारसा नाही, जो आहे तो सौम्य आहे, आणि रुग्ण समाधानी आहेत."

"समाधानी?" बायको म्हणाली.

"वहिनी, मी सगळा भाग पालथा घातला. कोणी काठीवर, कोणी भिंतीला धरून, पुढे वाकून तसाच आखडलेल्या एकाला तर माझं तोंड बघायला पलंगावर आडवं व्हावं लागत होतं. सगळे मला बघून उठले. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. आणि आकडा विचारला की सगळ्यांचं एकच. दोन. फार तर तीन. सगळ्यांचे दोन मिळून सरासरीही दोनच येणार ना?"

"पण तुम्ही डोळ्यांनी बघत होतात!"

"मला माझं मत कोणी विचारलं नाही, वहिनी. आकडे विचारले."

"आणि तुमची पाठ?"

"मलाही भरायला सांगितलं होतं, कर्मचारी म्हणून," तो म्हणाला. "मीही दोनच लिहिलं. नोकरी आहे."

खांबसाहेबांना त्या क्षणी संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा इतका. पण तो कोणावर काढायचा ते कळेना. कंपनीवर काढावा तर ती समुद्रापलीकडे, त्या पळणाऱ्या कुटुंबाशेजारी कुठेतरी. प्रतिनिधीवर काढावा तर त्याचीही पाठ दुखत होती.

महिन्याभरात ऑफिसला ढाल मिळाली. मोठ्या साहेबांनी ती तक्रार खिडकीच्या वर, छताला लागून टांगली. खांबसाहेबांना ती दिसत नाही, तेवढी मान वर जात नाही. छान आहे असं लोक सांगतात.

ढाल लागली त्याच दिवशी फटीत एक म्हातारी हनुवटी आली. "दहा दिवस पाणी नाही, साहेब."

खांबसाहेबांचा हात ठप्प्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. ते खुर्ची धरत हळूहळू उठले, इमारतीला वळसा घालून बाहेर आले आणि म्हातारबाबांसमोर उभे राहिले. चेहरा पाहिला. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे.

"बाबा," ते म्हणाले, "मला खरं सांगा. किती हाल होतात? आज मी जसं सांगाल तसं लिहिणार आहे. वर पाठवणार आहे."

म्हातारबाबा गोंधळले. खिडकीतला साहेब बाहेर येऊन उभा राहतो म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असणार. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी हात जोडले. "नाही, नाही, साहेब. तसं काही नाही. सून आणते लांबून. भागतंय. उगाच तुम्हाला त्रास."

"अहो, त्रास द्या मला!" खांबसाहेब ओरडले. सगळी रांग दचकली. म्हातारबाबा तर एवढे घाबरले, की कागद तिथेच टाकून निघून गेले. तक्रारदारच गेला, मग नियमाप्रमाणे शिल्लक काही राहत नाही. संध्याकाळी पावतीबाईंनी त्या कागदावर ठप्पा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबसाहेब पलंगाच्या कडेला बसले होते. बायको खाली बसून मोजे चढवत होती. त्यांनी मान झुकवून पाहिली. झुकली नाही. समोर भिंत होती, भिंतीवर खिळा होता, आणि भांग कुठे दिसत नव्हता. पायांना फक्त तिचे हात लागत होते.

"बरं आहे ना आज?" तिने खालून विचारलं. हे ती रोजच विचारी, आणि ते रोज म्हणत, ठीक आहे.

"नऊ," खांबसाहेब म्हणाले.

हात थांबले. आतल्या खोलीतून आईंचा सुस्कारा आला आणि विरला.

"हे त्या फोनवालीला सांगायचं होतं," बायको हळू आवाजात म्हणाली.

"तिला कसं सांगणार?" खांबसाहेब भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत म्हणाले. "परकी ती."

तिने नाक ओढलं की काय ते त्यांना कळलं नाही, कारण दिसत नव्हतं. मग त्यांच्या दुसऱ्या पायाला थंड बोटं लागली आणि ती म्हणाली, "पाय पुढे करा. उशीर होतोय."